मूलपेशींचे संवर्धन यंत्राकडे सोपवताना

मूलपेशी सांभाळणाऱ्या प्रयोगशाळेला रविवार नसतो. मानवी बहुक्षम मूलपेशी, म्हणजे शरीरातील जवळजवळ कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशी, ज्या माध्यमात (पोषक द्रवात) वाढवतात, त्यातील एफजीएफ-२ हे वाढीला लागणारे प्रथिन ३७ अंश सेल्सिअसला फार काळ तग धरत नाही. एका दिवसाच्या आत त्याची बरीचशी क्रियाशीलता संपते आणि पेशी आपली मूळ, अविशिष्ट अवस्था सोडून कोणत्या ना कोणत्या दिशेने विशेषित होऊ लागतात. म्हणून माध्यम रोज बदलावे लागते, मग त्या दिवशी लक्ष्मीपूजन असो की अनंत चतुर्दशी. स्वयंचलनाची पहिली इच्छा बहुतेक ठिकाणी या सुट्टीच्या दिवशीच्या फेऱ्यांतून जन्माला येते. दुसरे कारण मात्र अधिक महत्त्वाचे आहे. दोन अनुभवी माणसांनी एकच पद्धत वापरून वाढवलेल्या पेशी एकसारख्या निघत नाहीत, आणि फरक नेमका कशामुळे पडला हे त्या दोघांनाही सांगता येत नाही.

'फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही' हीच स्वयंचलनातली खरी अडचण आहे. कुशल हाताला आणि डोळ्याला जे न बोलता कळते, ते आकड्यांत उतरवणे हे या कामाचे मोठे अंग आहे. यंत्र विकत घेणे, बसवणे आणि चालवणे हा भाग त्या तुलनेत सोपा असतो, हे माझे मत या लेखात जागोजागी दिसेल. लेख ज्या प्रयोगशाळेसाठी लिहिला आहे तिच्याकडे एकदोन पेशीवंश (एकाच मूळ पेशींपासून सतत वाढवत ठेवलेल्या पेशी), रोजच्या चार ते आठ प्लेटी आणि टेबलावर मावणारा एक पिपेटिंग रोबोट, म्हणजे द्रव मोजून ओढणारा व सोडणारा रोबोट, आहे असे गृहीत धरले आहे. पेशी मानवी आयपीएस, म्हणजे प्रेरित बहुक्षम मूलपेशी. त्या आधारपेशींशिवाय, व्हिट्रोनेक्टिन या पेशींना तळाला चिकटू देणाऱ्या प्रथिनाच्या थरावर, ई-८ नावाच्या माध्यमात, सहा खणांच्या प्लेटीत वाढवायच्या आहेत. मेसेन्कायमल मूलपेशींसाठी (अस्थी, मेद व कूर्चा बनवू शकणाऱ्या पेशींसाठी) जिथे वेगळे करावे लागते तिथे तसे सांगितले आहे.

कोणते काम यंत्राला द्यायचे

मानवी भ्रूणातून मूलपेशी प्रथम वेगळ्या केल्या त्या अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने, १९९८ साली. क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या प्रौढ पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा बहुक्षम अवस्थेत नेले आणि २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून प्रयोगशाळांतील पेशीवंशांची संख्या इतकी वाढत गेली की हाताने सांभाळणे अशक्य झाले, आणि मोठ्या संस्थांनी मोठी यंत्रे उभी केली. न्यूयॉर्क स्टेम सेल फाउंडेशनने आयपीएस पेशी तयार करण्यापासून त्यांची ओळख पटवण्यापर्यंतची साखळी रोबोटांवर उभारून २०१५ साली ती प्रसिद्ध केली. जपानच्या रिकेन संस्थेतील गटाने 'माहोलो' या दोन हातांच्या रोबोटला संगणकाची जोड देऊन आयपीएस पेशींपासून दृष्टिपटलाच्या रंगद्रव्य-पेशी बनवण्याच्या अटी शोधायला लावल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात सुमारे २० कोटी शक्य जुळण्यांपैकी १४४ जुळण्या १११ दिवसांत तपासल्या गेल्या आणि रंगद्रव्याच्या गुणांकात ८८ टक्के सुधारणा मिळाली. हे वाचून मोह होतो, पण त्या गटाकडे हाताने चालणारी पक्की पद्धत आधीपासून होती आणि यंत्राने तिच्यापुढे मजल मारली, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या प्रयोगशाळेत सुरुवात वहीपासून करावी. सलग चार आठवडे प्रत्येक कामाला किती मिनिटे लागली, ते आठवड्यातून किती वेळा झाले आणि किती वेळा बिघडले, हे लिहून ठेवावे. प्लेटीवर थर देणे, माध्यम बदलणे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, पॅसेज करणे (दाट झालेल्या पेशी सोडवून नव्या प्लेटींत विरळ पेरणे), गोठवणे आणि वितळवणे असे सहा भाग साधारणपणे पडतात. माध्यमबदल सर्वांत जास्त वेळा होतो आणि त्यात निर्णय सर्वांत कमी असतो, म्हणून तो पहिला. पाहणे दुसरे. पॅसेज तीनचार दिवसांतून एकदाच येतो, पण सर्वांत अवघड असतो, म्हणून तो शेवटी घ्यावा. गोठवणे आणि वितळवणे ही कामे लहान प्रयोगशाळेने यंत्राकडे देऊच नयेत. महिन्यातून दोनदा होणाऱ्या कामासाठी प्रोग्राम लिहून तो तपासत बसण्यात वेळेचा काहीच लाभ नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारात घ्यावी. अडचण फक्त रविवारची असेल, तर उष्णतेत टिकणारी सुधारित एफजीएफ-२ असलेली माध्यमे आता मिळतात आणि त्यांत एखाद्या दिवसाची सुट्टी चालते. रोबोट घेण्याआधी बाटली बदलून पाहावी. दुसऱ्या टोकाला, रुग्णांसाठी अब्जावधी पेशी हव्या असतील, तर प्लेटी हा मार्गच नव्हे. मेसेन्कायमल पेशींसाठी वापरल्या जाणाऱ्या टेरुमोच्या क्वांटम यंत्रात हजारो पोकळ तंतूंच्या आत मिळून सुमारे २.१ चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे १७५ चौरस सेंटिमीटरच्या सुमारे १२० फ्लास्कइतका. बहुक्षम पेशींचे पुंजके ढवळत्या टाकीतही वाढवतात. त्या दोन्ही वाटा इथे बाजूला ठेवल्या आहेत.

हाताची पद्धत आकड्यांत उतरवणे

प्रयोगशाळेतील कोणतीही जुनी कार्यपद्धती उघडली, तर तीत 'हलक्या हाताने माध्यम घालावे', 'पेशी गोल दिसू लागेपर्यंत थांबावे', 'पुरेशा दाट झाल्या की पॅसेज करावा' अशी वाक्ये सापडतात. यंत्राला यातले एकही कळत नाही. पहिल्या वाक्याचे रूप असे करावे लागते: टिपेचे (द्रव ओढणाऱ्या निमुळत्या प्लास्टिक नळीचे) टोक तळापासून ८ मिलिमीटर वर, खणाच्या भिंतीला टेकलेले, वेग सेकंदाला २०० मायक्रोलिटर, एकूण २ मिलिलिटर, १००० मायक्रोलिटरच्या दोन फेऱ्यांत. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. आपल्या प्लेटी आणि टिपा यांनुसार ते बदलतील. आकडा चुकीचा असला तरी हरकत नाही, तो दुरुस्त करता येतो. मुळात आकडाच नसेल, तर दुरुस्त करण्यासारखे काहीच उरत नाही.

सर्व क्रिया अशा लिहून झाल्या की ज्याने पेशी कधी वाढवल्या नाहीत अशा सहकाऱ्याला तो कागद द्यावा आणि रंगीत पाण्याने सबंध काम करायला लावावे. आपण शेजारी उभे राहावे आणि बोलू नये. तो जिथे जिथे थांबून आपल्या तोंडाकडे पाहील, तिथे तिथे कागदात काहीतरी सुटलेले आहे. या एका दुपारी जे कळते ते महिनाभर प्रोग्राम दुरुस्त करूनही कळत नाही.

साहित्याची निवडही याच टप्प्यावर पक्की करावी. थर देण्याचे दुसरे द्रव्य म्हणजे मॅट्रिजेल; ते १० अंशांच्या वर गेले की घट्ट होऊ लागते, त्यामुळे रोबोटच्या टेबलावर ते वापरायचे तर थंड खोबण, थंड टिपा आणि घाई या तिन्हींची गरज पडते. व्हिट्रोनेक्टिन सामान्य तापमानाला द्रवच राहते. मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम या प्रमाणात ते सौम्य करून सहा खणांच्या प्लेटीच्या प्रत्येक खणात १ मिलिलिटर घातले आणि तासभर ठेवले की खणाच्या सुमारे ९.६ चौरस सेंटिमीटर तळावर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मायक्रोग्रॅम थर बसतो. यंत्रासाठी मी नेहमी हेच निवडतो.

पेशी, परवानगी आणि जागा

स्वयंचलनाच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेतील सर्वांत दुर्मीळ रुग्णाच्या पेशी घेऊ नयेत, आणि मायकोप्लाझ्मा या संवर्धनात शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची तपासणी न झालेल्या पेशी तर मुळीच घेऊ नयेत. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिनचा त्यावर परिणाम होत नाही, तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो, माध्यम गढूळ करत नाही, आणि एकच नळी सर्व प्लेटींना माध्यम पुरवत असेल तर एका रात्रीत सगळीकडे पोहोचतो. चाचणीच्या आधी एका चांगल्या पेशीवंशाच्या एकाच पॅसेजच्या किमान २० व्हायल (छोट्या कुप्या) गोठवून ठेवाव्यात आणि त्यांतील एकीचे गुणसूत्रचित्र करून घ्यावे. पुढे काही बिघडले, तर दोष पेशींचा की यंत्राचा, हे याच साठ्यामुळे कळते.

भारतात मानवी मूलपेशींवरील संशोधन २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून ती काढली आहेत. त्यांनुसार मूलपेशी संशोधनाची संस्थात्मक समिती असावी लागते आणि काम तिच्या संमतीने व्हावे लागते. यंत्र बदलले म्हणून नवी संमती लागेल का, असा प्रश्न पडल्यास समितीला पत्र लिहून विचारावे आणि उत्तर नोंदवहीत चिकटवावे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीवंशांचे भांडार आहे आणि मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने काइंड-१ व काइंड-२ हे मानवी भ्रूण मूलपेशीवंश तयार केले, त्यामुळे महाराष्ट्रात या कामाची जाण असलेली माणसे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आता जागा. रोबोट बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (गाळलेल्या हवेच्या प्रवाहात काम करण्याच्या कपाटात) ठेवायचा की हेपा, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण अडवणारी, गाळणी लावलेल्या स्वतंत्र पेटीत, हा निर्णय यंत्र मागवण्याआधी घ्यावा. ओपनट्रॉन्सच्या ओटी-२ सारखे पायथॉनमधून चालवता येणारे लहान रोबोटसुद्धा नेहमीच्या चार फुटी कॅबिनेटात ऐसपैस बसत नाहीत, आणि बसवले तर समोरची जाळी अडून वरून खाली येणारा हवेचा पडदा मोडतो. धुराची नळी हाताशी धरून, यंत्राची बाहू हलत असताना धूर कुठे जातो ते पाहावे. धूर प्लेटीवर घुटमळत असेल, तर बुरशीही तिथेच उतरणार. खोलीचे तापमान २२ ते २४ अंश राहील अशी व्यवस्था हवी. विदर्भातल्या मे महिन्यात वातानुकूलन दोन तास बंद पडले तर टेबलावरचे माध्यम इन्क्युबेटरइतके (पेशी ३७ अंशांवर ठेवणाऱ्या कपाटाइतके) तापते. रोबोट, त्याचा संगणक आणि इन्क्युबेटर हे तिन्ही एकाच यूपीएसवर असावेत, कारण वीज गेल्यावर रोबोट अर्ध्या वाटेत थांबला आणि प्लेट झाकणाविना उघडी राहिली, तर ती फेकण्याखेरीज मार्ग नसतो.

पाणी, तराजू आणि रिकामी फेरी

पेशींच्या जवळ जाण्याआधी किमान दोन आठवडे यंत्राने फक्त पाणी हाताळावे. तराजूवर कोरडी कुपी ठेवून तीत १००० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडावे आणि दर वेळचे वजन लिहावे. २५ अंशांना एक मिलिलिटर पाण्याचे वजन ०.९९७ ग्रॅम असते. सरासरी एका टक्क्याच्या आत आणि दहा वजनांतला पसारा एका टक्क्याहून कमी असावा, अशी मर्यादा मी ठेवतो. त्यानंतर हीच चाचणी प्रत्यक्ष माध्यमाने करावी, कारण प्रथिने असलेले माध्यम पाण्याप्रमाणे वागत नाही. टिपेच्या टोकाला थेंब लोंबतो आणि पुढच्या प्लेटीकडे जाताना वाटेत पडतो. माध्यम घेतल्यावर थोडी हवा ओढून घेणे आणि सोडल्यावर टिप भिंतीला टेकवून एक सेकंद थांबणे, या दोन उपायांनी हा त्रास बहुतेक जातो.

मग रिकामी फेरी. पेशी नसलेल्या प्लेटीत, प्रतिजैविक नसलेले माध्यम घालून यंत्राकडून सलग पाच दिवस पूर्ण माध्यमबदल करून घ्यावेत आणि त्यानंतर त्या प्लेटी आणखी सात दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवाव्यात. एकही खण गढूळ होता कामा नये. प्रतिजैविक घालून ही चाचणी करणे म्हणजे परीक्षेला पुस्तक उघडून बसण्यासारखे आहे. गढूळ खण नेहमी एकाच कोपऱ्यात निघत असतील, तर तिथला हवेचा प्रवाह तपासावा. विखुरलेले निघत असतील, तर टिपांचा डबा किंवा माध्यमाचे भांडे संशयित धरावे.

पेशींवर पहिला माध्यमबदल

ई-८ माध्यम ३७ अंशांच्या पाण्यात वारंवार गरम करू नये. चार अंशांवरच्या बाटलीतून त्या दिवसाला लागेल तेवढेच काढून सामान्य तापमानाला येऊ द्यावे. आठ प्लेटींना, म्हणजे ४८ खणांना, दोन मिलिलिटरप्रमाणे ९६ मिलिलिटर लागतात. वाया जाणारे धरून ११० काढावे. उरलेले परत बाटलीत ओतू नये.

जुने माध्यम ओढून काढताना टिप तळाच्या फार जवळ नेली तर पेशींच्या वसाहतीत नेमके टिपेच्या आकाराचे भोक पडते आणि ते पुढचे तीन दिवस दिसत राहते. हाताने काम करणारा माणूस प्लेट तिरकी धरून कडेला साचलेले माध्यम ओढतो. रोबोटला प्लेट तिरकी करता येत नसेल, तर सगळे माध्यम काढण्याचा हट्ट सोडावा. दोन मिलिलिटरपैकी १.७ काढावे आणि ०.३ राहू द्यावे. उरलेल्या १५ टक्क्यांची भीती वाटते, म्हणून हिशेब करून पाहावा. दर दिवशी कालच्या टाकाऊ द्रव्यांपैकी १५ टक्के मागे राहतात, त्यांतील १५ टक्के परवासाठी, असे जोडत गेले तर साठा पूर्ण बदलाच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांवर स्थिरावतो आणि तिथून पुढे वाढत नाही. पेशी क्षणभरही कोरड्या पडत नाहीत, हा लाभ त्याहून मोठा आहे.

टिपांची काटकसर कुठे करायची हेही ठरवावे. एकाच पेशीवंशाच्या एका प्लेटीपुरती ओढण्याची टिप एक चालते. माध्यम सोडणारी टिप पेशींना किंवा जुन्या माध्यमाला कधीच शिवत नसेल, तर ती सर्व प्लेटींना चालेल असे वाटते. तरी ती भिंतीला टेकते, म्हणून दोन वेगळ्या पेशीवंशांत ती सामायिक ठेवू नये. पेशीवंशांची सरमिसळ हा प्रयोगशाळांचा जुना रोग आहे आणि यंत्र तो अधिक शिस्तीने पसरवते.

प्लेट इन्क्युबेटरबाहेर १५ मिनिटांहून अधिक राहू नये असा क्रम लावावा. कार्बन डायऑक्साइडचे ५ टक्के आवरण सुटले की माध्यमाचा सामू वर सरकू लागतो आणि त्यातील फिनॉल रेड या दर्शकाचा रंग गुलाबी-जांभळ्याकडे झुकतो. आठही प्लेटी एकदम बाहेर काढून रांगेत ठेवणे सोयीचे दिसते, पण आठवी प्लेट तोवर चांगलीच जांभळी झालेली असते. दोन-दोन काढाव्यात.

यंत्राचा डोळा

पॅसेज कधी करायचा हे ठरवण्यासाठी खणाचा किती भाग पेशींनी व्यापला आहे ते मोजतात. प्रयोगशाळेच्या बोलीत यालाच कॉन्फ्लुअन्स म्हणतात. एका नजरेत कोणी ६० टक्के म्हणतो, कोणी ८०, आणि दोघेही ठाम असतात. फेज कॉन्ट्रास्ट या, पेशी न रंगवता दाखवणाऱ्या, सूक्ष्मदर्शक पद्धतीच्या चित्रात पेशींच्या जागी उजेडाचा चढउतार जास्त आणि रिकाम्या जागी कमी असतो. चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येकातील चढउतार मोजला आणि एक उंबरठा ठरवला, की व्याप्त क्षेत्र निघते. इमेजजे किंवा सेलप्रोफायलर या मोफत प्रणालींत हे काम होते. त्यासाठी चित्रांवर शिकवलेल्या कृत्रिम मज्जाजाळ्यांची (न्यूरल नेटवर्कची) घाई करू नये. उंबरठा ठरवताना दोन माणसांनी पन्नास चित्रांवर हाताने सीमारेषा काढाव्यात आणि यंत्राचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहावा.

दोन व्यावहारिक अडथळे हमखास येतात. खणाच्या कडेजवळ द्रवाचा पृष्ठभाग वाकलेला असल्याने फेज कॉन्ट्रास्ट तिथे बिघडतो. म्हणून मध्यभागातील नऊ चौकटीच मोजाव्यात आणि दर वेळी त्याच नऊ मोजाव्यात. दुसरा अडथळा झाकणावर जमणाऱ्या दवाचा आहे. प्लेट बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत झाकण धूसर होते, त्यामुळे चित्र आधी आणि माध्यमबदल नंतर असा क्रम ठेवावा.

मोजमाप पक्के झाले की यंत्र पुढचे सांगू शकते. क्षेत्र २४ तासांत दुप्पट होते असे धरले, तर १२ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जाण्यास सुमारे अडीच दुपटी, म्हणजे ६१ तास लागतात. सोमवारी सकाळी १२ टक्के दिसले, तर पॅसेज बुधवारी रात्री येणार हे आधीच कळते आणि पेशी कमी-जास्त पेरून तो दिवसा आणता येतो. मात्र वसाहती दाटू लागल्या की पेशी एकमेकींना दाबून लहान होतात, संख्या वाढते पण क्षेत्र तेवढे वाढत नाही. त्यामुळे ६० टक्क्यांच्या पुढे या गणितावर विसंबू नये आणि ७० ते ७५ टक्क्यांनाच पॅसेज करावा.

कडा गुळगुळीत आहेत का, मध्ये चपट्या विशेषित पेशी शिरल्या आहेत का, हे ओळखणे अजून माणसाकडेच ठेवावे. दर दिवशी प्रत्येक प्लेटीची दोन चित्रे कोणीतरी पाहून खाली आपले नाव लिहावे. घरी बसून फोनवर पाहिली तरी चालतील.

पॅसेज

बहुक्षम पेशी एकेकट्या सुटल्या की मोठ्या संख्येने मरतात. त्या दहा-वीस पेशींच्या तुकड्यांत राहिल्या तर तगतात. म्हणून ०.५ मिलिमोलर ईडीटीएने कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून पेशींची पकड सैल करायची, ईडीटीए काढून घ्यायचे आणि माध्यमाच्या धारेने तुकडे सोडवायचे, अशी पद्धत आहे. हाताला ही पद्धत आवडते, रोबोटला मुळीच नाही, कारण सगळे गणित वेळेवर आहे. चार-पाच मिनिटांत वसाहतींत फटी दिसू लागतात. त्याआधी काढले तर पेशी सुटत नाहीत, उशीर झाला तर त्या ईडीटीएबरोबरच वाहून जातात. माध्यम घातल्यावर त्यातील कॅल्शियममुळे पेशी लगेच पुन्हा तळाला चिकटू लागतात, म्हणून पुढची हालचाल काही सेकंदांत व्हायला हवी.

यावर उपाय असा, की रोबोटने सहाही खण एकदम हाताळू नयेत. दोन खणांत ईडीटीए घालावे, ठरलेल्या सेकंदांनी काढावे, लगेच माध्यम सोडून त्या दोन खणांचे काम संपवावे आणि मगच पुढच्या दोघांकडे वळावे. वेळ नेमका किती, हे प्रत्येक पेशीवंशासाठी एका प्लेटीवर ठरवावे: एकेका खणाला ३, ३.५, ४, ४.५, ५ आणि ६ मिनिटे देऊन किती पेशी सुटल्या आणि दुसऱ्या दिवशी किती चिकटल्या ते पाहावे. माध्यमाची धार खणात एकाच ठिकाणी न मारता पाच ठिकाणी मारावी. सुटलेले तुकडे वर-खाली ओढण्याच्या फेऱ्या तीनच ठेवाव्यात, कारण प्रत्येक फेरीत तुकडे लहान होतात. एकास सहा ते एकास दहा या प्रमाणात पेरल्यानंतर प्लेट पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे सरकवावी. गोल फिरवली तर सगळे तुकडे मध्यभागी गोळा होतात. हे शेवटचे काम रोबोटला जमत नसेल, तर माणसाने करण्यात कमीपणा नाही.

अ‍ॅक्युटेजसारख्या विकराने पेशी एकेकट्या करून, मोजून पेरण्याची दुसरी वाट आहे. त्यात १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ हे रॉक-रोधक पहिले २४ तास माध्यमात ठेवतात, म्हणजे एकेकट्या पेशीही जगतात. यंत्राच्या दृष्टीने हे फारच सोयीचे आहे: संख्या मोजता येते, वेळेचा ताण कमी होतो, सर्व खण सारखे दिसतात. पण या निवडीची किंमत पुढे मोजावी लागते. एकेकटे राहून जगण्याची सक्ती झाली, की ज्या पेशींत २० व्या गुणसूत्राच्या २०क्यू११.२१ या भागाची जादा प्रत आली आहे त्या पुढे निघून जातात, कारण तिथल्या बीसीएल२एल१ जनुकामुळे त्यांना मरण टाळता येते. ही जादा प्रत अनेकदा इतकी लहान असते की नेहमीच्या पट्टेदार गुणसूत्रचित्रात दिसत नाही. तिच्यासाठी क्यूपीसीआर किंवा फिश ही जनुकीय तपासणी लागते. ही तपासणी दर दहा पॅसेजनंतर करण्याची तयारी नसेल, तर तुकड्यांच्याच पद्धतीवर राहावे, रोबोट कितीही कुरकुरला तरी.

मेसेन्कायमल पेशींना ही चिंता नसते. त्या मुळातच एकेकट्या पेरल्या जातात, माध्यम आठवड्यातून दोनदा बदलले तरी चालते, आणि ट्रिपसिनसारख्या विकराने त्या सहज सुटतात. स्वयंचलन शिकायचे असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.

नोंद आणि इशारा

एका गणपतीच्या सुट्टीत आमच्या यंत्राने दोन दिवस माध्यम बदलले आणि दोन्ही दिवशी नोंद केली: 'आठ प्लेटी, यशस्वी'. तिसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा सर्व खण गर्द गुलाबी होते आणि पेशी सुटून तरंगत होत्या. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पहिल्याच रात्री संपला होता. यंत्राची नोंद खोटी नव्हती. त्याने आपण काय केले ते लिहिले होते, पेशींचे काय झाले ते लिहिण्यास त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फेरीच्या आधी तीन गोष्टी तपासल्या जातात: इन्क्युबेटरपासून स्वतंत्र असलेल्या संवेदकाचे कार्बन डायऑक्साइड आणि तापमान, प्लेटीच्या छायाचित्रातील माध्यमाचा रंग, आणि कालच्या तुलनेत व्याप्त क्षेत्र. क्षेत्र कालच्यापेक्षा कमी झाले असेल, तर यंत्र माध्यम न बदलता थांबते आणि फोन करते. दोन सिलिंडर आणि आपोआप एकावरून दुसऱ्यावर जाणारा नियामक हा खर्च रोबोटच्या आधी करावा.

इशारा कोणाच्या फोनवर जाईल आणि त्याने किती वेळात यायचे, हे नाव व वेळेसह दारावर लावावे. दररोज तीन निरर्थक इशारे येऊ लागले तर चौथा कोणी पाहत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात मर्यादा दर आठवड्याला तपासून दुरुस्त कराव्यात. टाकाऊ माध्यमाची बाटली भरल्याचा इशाराही असावा; तिच्यात आधीच सोडियम हायपोक्लोराइट घालून ठेवावे आणि विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे करावी.

हात आणि यंत्र यांची तुलना

एकाच व्हायलमधून वितळवलेल्या पेशी दोन भागांत वाटून एक भाग हाताने आणि दुसरा यंत्राने, एकाच काळात, दहा पॅसेजपर्यंत वाढवावा. दोन्हींच्या प्लेटी इन्क्युबेटरच्या एकाच कप्प्यात ठेवाव्यात आणि दर दिवशी जागा बदलाव्यात, कारण दाराजवळची प्लेट आणि पंख्याजवळची प्लेट यांचे हवामान सारखे नसते. प्रत्येक पॅसेजला सुटलेल्या पेशींची संख्या, जिवंत पेशींचे प्रमाण आणि दुपटीचा काळ लिहावा. पाचव्या आणि दहाव्या पॅसेजला ऑक्ट-४, नॅनॉग, एसएसईए-४ आणि ट्रा-१-६० या बहुक्षमतेच्या खुणा तपासाव्यात. शेवटी गुणसूत्रचित्र, २०क्यूची स्वतंत्र तपासणी, मायकोप्लाझ्मा, आणि पेशींना तिन्ही भ्रूणस्तरांकडे वळवून पॅक्स-६, ब्रॅक्युरी व सॉक्स-१७ या खुणा उमटतात का ते पाहावे. मेसेन्कायमल पेशींसाठी २००६ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष पुरेसे आहेत: सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ किमान ९५ टक्के पेशींवर, सीडी४५ आणि सीडी३४ यांसारख्या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांहून कमी, आणि अस्थी, मेद व कूर्चा या तिन्ही दिशांनी जाण्याची क्षमता.

आकडे हातात आल्यावर बहुतेक जण सरासरी पाहतात. सरासरीत यंत्र कुशल हातापेक्षा थोडे मागे पडले तरी चालेल. पाहायचे ते दहा पॅसेजमधल्या आकड्यांचा पसारा. हाताने केलेल्या कामात एका पॅसेजला ३० लाख पेशी आणि पुढच्याला १५ लाख निघत असतील, आणि यंत्राकडे प्रत्येक वेळी २० ते २३ लाख निघत असतील, तर प्रयोगांसाठी यंत्राच्याच पेशी वापराव्यात. पसारा हाताइतकाच असेल, तर दोष बहुधा पॅसेजच्या वेळेत असतो. ईडीटीएची चाचणी पुन्हा करावी आणि तोवर पॅसेज हाताने, माध्यमबदल यंत्राने, अशी वाटणी ठेवावी. ही वाटणी वर्षभर चालली तरी तिच्यात गैर काही नाही. सर्व तपासण्यांत उतरलेल्या दहाव्या पॅसेजच्या पेशींच्या दहा व्हायल गोठवाव्यात आणि चिठ्ठीवर पेशीवंश, पॅसेज व तारखेबरोबर प्रोग्रामची आवृत्तीही लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी प्रोग्राम बदलल्यावर जुन्या व्हायल कोणत्या पद्धतीने वाढल्या होत्या हे शोधायला संगणक उघडावा लागणार नाही.